बेळगावात राहून मार्केटिंग सल्लागार म्हणून घर चालेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. खानापूर तालुक्यातले एक गृहस्थ पुण्यात पाच वर्षं डिजिटल एजन्सीत नोकरीला होते. आईवडिलांसाठी आता गावी परतलेत. मावसभावाच्या साडीच्या दुकानाचं आणि गावच्या क्रेडिट सोसायटीचं फेसबुक पेज ते बघतात, पण दोन्हीकडून पैसे मिळत नाहीत. त्यांनी विचारलंय की स्वतंत्र सल्लागार म्हणून बसायचं तर आणखी कोणता कोर्स करावा, दर किती लावावा, आणि कन्नड कच्चं असताना इथे निभाव लागेल का, की पुन्हा पुण्याची गाडी धरावी.

मी बेळगावात हेच काम बरीच वर्षं करतोय. गिऱ्हाईकं लहान: दुकानं, दवाखाने, शाळा, सोसायट्या, उद्यमबागेतले छोटे कारखाने. त्या अनुभवावरून सांगतो.

तुम्ही कोर्सबद्दल पहिल्यांदा विचारलंत, पण तुमची अडचण कोर्सची नाही. पाच वर्षं एजन्सीत काढलेल्या माणसाला जाहिरात कशी लावायची हे येतं. मात्र तिथे गिऱ्हाईकाशी बोलणारा वेगळा होता, दर ठरवणारा वेगळा आणि वसुली करणारा वेगळा. तुमच्या टेबलावर यायचं ते फक्त काम. इथे ते सगळं तुमच्यावर येणार, आणि समोरचा माणूस काही मार्केटिंग विकत घ्यायला बसलेला नाही. दुकानदाराला लग्नसराईत गिऱ्हाईक हवंय, सोसायटीला ठेवी हव्यात, शाळेला पहिलीच्या वर्गात मुलं हवीत. त्यामुळे खरा प्रश्न असा की दर महिन्याला तुम्हाला पैसे कोण देईल आणि नेमकं कशासाठी देईल.

माझं मत स्पष्ट आहे. इथे निभाव लागतो, आणि चांगला लागतो, पण पोस्ट विकून लागत नाही. महिन्याला वीस पोस्ट करून देणारी मुलं गल्लोगल्ली आहेत, आणि दुकानदाराचा कॉलेजात जाणारा मुलगाही ते करतो. लहान संस्थेचं कुठेतरी अडलेलं असतं. ते शोधायचं, मोकळं करायचं आणि त्याचा हिशेब तिच्यासमोर ठेवायचा. या कामाला पैसे मिळतात आणि ते टिकतं.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी बघून घ्या. घर स्वतःचं आहे का, कर्जाचा हप्ता आहे का, घरात दुसरं उत्पन्न आहे का, सहा महिने काही आलं नाही तर चूल पेटेल एवढी शिल्लक आहे का. शिल्लक नसेल तर पुण्याचं एखादं काम घरबसल्या चालू ठेवा, पहिलं वर्षभर तरी. त्यात कमीपणा काही नाही. गरजू माणूस पहिल्याच बैठकीत दर पाडतो, आणि एकदा पाडलेला दर या गावात सगळ्यांना कळतो.

आता अडलेलं शोधायचं म्हणजे काय, ते एका दुकानावरून सांगतो. खडेबाजारच्या परिसरातलं कापडाचं दुकान. मालकांची मागणी होती की रोज एक पोस्ट टाका, अधूनमधून रील करा. मी म्हटलं, पंधरवडाभर थांबूया. गल्ल्याशेजारी एक शंभर पानी वही ठेवली आणि तिच्यात पाच रकाने आखले: जुनं गिऱ्हाईक, ओळखीतून आलेलं, पेपर वाचून, मोबाईलवर बघून, जाता-जाता पाटी बघून. शेजारी गावाचं नाव. बिल करणारी मुलगी सहज गप्पा मारत विचारायची आणि रेघ ओढायची. मोबाईलचा रकाना जवळजवळ रिकामा राहिला. गावांच्या रकान्यात मात्र चंदगड, हलकर्णी, नेसरी, नंदगड ही नावं पुन्हा पुन्हा येत होती. ही माणसं सकाळच्या बसने येतात आणि चारच्या सुमाराला परतीच्या बसला लागतात. दुकान उघडायचं साडेदहाला, साड्यांच्या काउंटरची बाई यायची त्यानंतर, आणि दुपारी दोन ते चार निम्मा स्टाफ जेवायला. म्हणजे लांबून येणाऱ्या गिऱ्हाईकाच्या ऐन वेळेला दुकान अर्धं झोपलेलं.

आणखी एक गोष्ट वहीत नव्हती, ती काउंटरवर उभं राहिल्यावर कळली. बायका साडी पसंत करायच्या आणि मग विचारायच्या, फॉल-पिको कधी मिळेल? उत्तर असायचं, परवा. चंदगडहून आलेली बाई परवा परत कशाला येईल? ती साडी ठेवून जायची. मालकांनी शेजारच्या गल्लीतल्या दोन शिलाईवाल्या बायकांशी बोलणी केली, जेवणाच्या पाळ्या लावल्या, लग्नसराईपुरतं दुकान साडेनऊला उघडायला लागले. गूगलवरचा दुकानाचा ठिपका भलत्याच गल्लीत होता आणि वेळ जुनी होती, ते दोन्ही दुरुस्त केलं. मग जाहिरात केली. तिच्यात एकच वाक्य होतं: सकाळी साडी घ्या, चारच्या आत फॉल-पिको करून घेऊन जा. त्या हंगामात त्याच वहीत चंदगडच्या बाजूच्या रेघा वाढल्या. पुढच्या वर्षाच्या कामाच्या पत्रावर सही करताना मालकांसमोर तीच वही उघडी होती.

यात मी पोस्ट किती केल्या हे कुणी विचारलं नाही. जाहिरातीचं तंत्र लागलं ते एवढंच: फेसबुकवर जाहिरात लावताना कर्नाटक असं राज्य निवडलं असतं तर महाराष्ट्रातले चंदगड आणि गडहिंग्लज तालुके वगळले गेले असते. नकाशावर बेळगावचा ठिपका ठेवून भोवती किलोमीटरचं वर्तुळ टाकलं की दोन्ही बाजूंची गावं येतात. आपल्या बाजाराची हद्द राज्याच्या हद्दीवर संपत नाही. दवाखान्यासाठी हेच लागू आहे, आणि चोर्ला घाटातून गोव्याची माणसं खरेदीला येतात त्यांच्यासाठीही. पुण्याहून काम करणाऱ्या एजन्सीला हे सुचणं कठीण आहे. तुम्हाला ते जन्मापासून माहीत आहे, आणि तुमचं भांडवल तेच.

कारखान्यांचं वेगळं. उद्यमबाग, मच्छे या भागात लहान फाउंड्र्या आणि मशीनशॉप आहेत. त्यांना फेसबुकचा उपयोग जवळजवळ नाही. पंप, व्हॉल्व्ह, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांचे खरेदी अधिकारी ही त्यांची गिऱ्हाईकं. तिथे बहुधा दोन गोष्टी अडलेल्या असतात. चौकशीच्या ईमेलला उत्तर चार दिवसांनी जातं, आणि कारखाना काय करू शकतो हे एका पानावर कुठेच लिहिलेलं नसतं. ते पान तुम्ही करून द्या: कोणत्या ग्रेडचं कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंड, निघतं (एफजी २६०, एसजी ५००/७ वगैरे), किती किलोपासून किती किलोपर्यंत, विजेवरची इंडक्शन भट्टी आहे की कोकवरची कुपोला, मशिनिंग घरात होतं की बाहेर, तपासणीची कोणती साधनं आहेत, आयएसओ ९००१ आहे का, नमुना किती दिवसांत मिळतो. हे लिहायला तुम्हाला शॉपफ्लोअरवर उभं राहून सुपरवायझरशी बोलावं लागेल. त्यानंतर चौकशीला चोवीस तासांत उत्तर जाईल अशी बसवणूक करा. एवढ्या कामाला कारखानदार दुकानदारापेक्षा जास्त पैसे देतो आणि वेळेवर देतो, कारण एक नवं गिऱ्हाईक त्याला वर्षानुवर्षं पुरतं.

खाण्याच्या पदार्थांवर तुमची नजर जाईलच. कुंदा, करदंट, पापड-मसाले. इथे जाहिरातीच्या आधी तीन गोष्टी विचारा. माल किती दिवस टिकतो? पाकिटावर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा परवान्याचा) चौदा अंकी नंबर आहे का? आणि माल कुठे पाठवायचाय? कुंदा दुधाचा, तो पुण्याला पोचेपर्यंत आणि पोचल्यावर किती दिवस चांगला राहील हे ठरल्याशिवाय कुरिअरची जाहिरात करायची नसते. दुसरं, कोल्हापूर आपल्याला शेजारी वाटतं, पण कराच्या हिशेबात ते दुसरं राज्य आहे. करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकायचा तर उलाढाल कमी असली तरी जीएसटी नोंदणी लागते. घरगुती उद्योग करणाऱ्या बायकांना हे कुणी सांगितलेलं नसतं. तुम्ही जाहिरात करून कोल्हापूर-सांगलीच्या ऑर्डरी आणून दिल्यात आणि नोंदणी नाही म्हटल्यावर घोटाळा त्यांच्या गळ्यात येतो. म्हणून अशा कामाआधी त्यांना एकदा सीएकडे घेऊन जा.

इथल्या कामाला वर्षाचं एक चक्र आहे. ते नीट समजून घेतलंत तर गिऱ्हाईक तुम्हाला शोधत येईल. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई, ती उन्हाळ्यापर्यंत. शाळांचे प्रवेश फेब्रुवारीपासून मे अखेरपर्यंत, कारण कर्नाटकात शाळा जूनच्या सुरुवातीलाच उघडतात. निपाणी-चिकोडीकडे गावातली खरेदी उसाच्या बिलावर चालते. नियमाने ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे मिळायला हवेत, पण बिल लांबलं की दुचाकीचं शोरूम आणि सराफ दोघेही रिकामे बसतात. त्या आठवड्यात जाहिरातीवर पैसे घालवू नका, बिल जमा झाल्याची बातमी आल्यावर घाला. डिसेंबरात इथल्या सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असलं की लॉज भरलेले असतात, त्यांना तेव्हा तुमची गरज नसते. वैशाखातली शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक आणि अनंत चतुर्दशी या दोन रात्री मध्यवर्ती बाजारात गाडी जात नाही, पण माणूस भरपूर असतो. खाद्यपदार्थाच्या दुकानाला ते सोनं आहे, फर्निचरच्या दुकानाला नाही. १ नोव्हेंबरला, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या आणि सीमाभागातल्या मराठी माणसांच्या काळ्या दिवशी, कोणतंही उद्घाटन, कोणतीही ऑफर ठेवू नका. कारण सांगायला नको.

सोसायट्यांचं चक्र वेगळं. त्यांची वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबर संपायच्या आत होते. त्याआधी अहवाल छापायचा असतो, आणि बहुतेक अहवाल म्हणजे गेल्या वर्षीच्या मजकुरात आकडे बदललेले. तुमच्या गावच्या सोसायटीकडे पैसे मागायचा रस्ता इथून जातो. फेसबुक पेजचे पैसे संचालक मंडळ मंजूर करणार नाही, कारण ते आजवर फुकट मिळालंय. पण अहवाल सभासदाला कळेल असा लिहून, छपाईपर्यंत नेऊन देणं हे काम त्यांना ओळखीचं आहे आणि त्याची तरतूद असते. जुलैत सेक्रेटरींना भेटा, ऑगस्टमध्ये नको, तेव्हा ते ऑडिटच्या धावपळीत असतात. ते एक काम चोख करा, मग वर्षभराच्या कामाचं बोलणं काढा.

मावसभावाचं दुकान जास्त नाजूक. नात्यात दर सांगायला जीभ वळत नाही, हे मला ठाऊक आहे. माझी पद्धत अशी: नात्यातल्या कामाचंही बिल करायचं. त्यात पूर्ण रक्कम लिहायची, खाली सवलत लिहायची, आणि शेवटी देय रक्कम. ती शून्य असली तरी कागद द्यायचा. भाऊ पहिल्यांदा हसेल. पण तुमच्या कामाची किंमत त्याला आकड्यात दिसेल, आणि सहा महिन्यांनी सवलत निम्मी करताना तुम्हाला खालची ओळ फक्त बदलावी लागेल. ग्रंथालय, देवस्थान, गावचं साहित्य संमेलन यांचंही तसंच. कडोली, उचगाव, येळ्ळूरसारख्या गावांतली संमेलनं ही आपल्या सीमाभागाची शान आहे, त्यांना मदत जरूर करा, मीही करतो. फक्त वर्षाला एकच काम फुकट घ्या आणि ते मनापासून करा. चार ठिकाणी अर्धवट फुकट काम केलं की चारही ठिकाणी नाव खराब होतं.

आता कन्नडबद्दल. कन्नड कच्चं म्हणून इथे कुणी टिकत नाही असं नाही, ते लपवणारा मात्र टिकत नाही. बैलहोंगल, गोकाक, सौंदत्ती बाजूचं गिऱ्हाईक कन्नड बोलतं, आणि बेळगावातलं प्रत्येक मोठं दुकान दोन्ही भाषांत चालतं. कन्नड मजकूर मोबाईलच्या भाषांतरावर सोडू नका. गिऱ्हाईकाला तो क्षणात कळतो, आणि दुकानदाराचा अपमान झाल्यासारखं होतं. कन्नड चांगलं लिहिणारा एखादा शिक्षक किंवा पत्रकार गाठा, प्रत्येक मजकुरामागे त्याला पैसे द्या, आणि ते पैसे गिऱ्हाईकाच्या बिलात वेगळे दाखवा. माझं काम असंच चालतं. बोलण्यापुरतं कन्नड मात्र स्वतः शिका. दुकानात बसून गिऱ्हाईक आणि मालक काय बोलतात ते तुम्हाला कळलं नाही, तर वर सांगितलेली फॉल-पिकोची गोष्ट तुमच्या हाती लागणार नाही.

पाटीचा नियमही माहीत हवा. २०२४ च्या दुरुस्तीनंतर कर्नाटकात दुकानाच्या नामफलकावर साठ टक्के जागा कन्नडला आणि तीही वरच्या भागात द्यावी लागते. याबद्दल आपल्या मनात काय आहे तो वेगळा विषय, पण तुम्ही डिझाइन केलेल्या पाटीमुळे मालकाला नोटीस आली तर जबाबदारी तुमची. पाटी नियमाप्रमाणे करा. हँडबिल, व्हॉट्सअ‍ॅप, मराठी पेपरातली जाहिरात, बिलामागचा मजकूर इथे मराठी वापरायला कुणाची आडकाठी नाही, आणि ती मराठी चांगली असावी. चंदगडच्या आणि खानापूरच्या गिऱ्हाईकाला घरच्यासारखं बोलणारी जाहिरात आवडते. पन्नाशीच्या पुढचा ठेवीदार आजही सकाळी मराठी पेपर उघडतो. डिजिटलमधून आलात म्हणून पेपरला कमी लेखू नका.

व्हॉट्सअ‍ॅपचं एक सांगतो, कारण इथे सगळेच ते मागतात. साध्या बिझनेस अ‍ॅपच्या एका ब्रॉडकास्ट यादीत २५६ नंबर बसतात, आणि ज्याने दुकानाचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलाय त्यालाच तो मेसेज जातो. म्हणजे हजार नंबर गोळा केले तरी ते पोचलेच असं नाही. बिल देताना तिथेच नंबर सेव्ह करून घ्यायची सवय काउंटरला लावा. आणि ज्याने हो म्हटलंय त्यालाच पाठवा. दुसऱ्याकडून नंबरांच्या याद्या विकत घेऊन येणारा दुकानदार भेटेल, त्याला नाही म्हणा.

दराकडे येऊ. इतर काय घेतात हे विचारून दर ठरवू नका, स्वतःचं गणित मांडा. समजा घराला महिना ३५,००० लागतात आणि प्रवास, फोन, इंटरनेट, सॉफ्टवेअर मिळून १०,०००. आजारपण आणि बुडीत रकमेसाठी ९,००० धरले तर ५४,००० झाले. महिन्याचे पंचवीस दिवस काम केलंत तरी पैसे मिळणारे दिवस साधारण बाराच असतात. बाकीचे भेटीगाठी, वसुली, बेळगाव-निपाणी येजा आणि शिकण्यात जातात. ५४,००० ला बाराने भागलं की दिवसाला ४,५०० येतात. महिन्यात दोन दिवस खाणाऱ्या गिऱ्हाईकाला ९,००० सांगायचे, चार दिवस खाणाऱ्या कारखान्याला १८,०००. दोन दिवसांची सहा गिऱ्हाईकं झाली की तुमचं घर चाललं. आकडे तुमच्या घराप्रमाणे बदलतील, रीत बदलू नका. कुणी कमी करा म्हटलं तर दर कमी न करता काम कमी करा: दोन दिवसांऐवजी एक दिवस, त्याचे ४,५००.

जाहिरातीचा खर्च या फीमध्ये कधीही मिसळू नका. फेसबुक-गूगलचे पैसे गिऱ्हाईकाच्या कार्डावरून जाऊ देत. पेज, डोमेन, गूगलवरची नोंद, सगळं त्याच्या नावावर आणि त्याच्या ईमेलवर हवं. तुम्ही फक्त काम करायची परवानगी घ्या. काही सल्लागार हे स्वतःच्या नावावर ठेवतात, म्हणजे गिऱ्हाईक सोडून जाणार नाही असं त्यांना वाटतं. गिऱ्हाईक जातंच, आणि जाताना चारचौघांत बोलून जातं.

कामाआधी एक पानी पत्र हवं. त्यात काय करणार, काय करणार नाही, किती महिने, पैसे कोणत्या तारखेला, आणि मंजुरी देणारी व्यक्ती एकच कोण. शेवटचा मुद्दा संस्थांसाठी अत्यंत महत्त्वाचा आहे. चेअरमनना लाल रंग हवा, सेक्रेटरींना हिरवा, आणि एका संचालकांचा पुतण्या डिझायनर, अशा खेचाखेचीत तुमचे महिन्याचे सगळे दिवस जातील. पहिल्यांदा तीन महिन्यांचं पत्र करा आणि पहिल्या महिन्याचे पैसे आगाऊ घ्या. आगाऊ देत नाही म्हणणारा नंतरही वेळेवर देत नाही, हा माझा इथला अनुभव आहे.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, मोफत होते, ती करून घ्या आणि नंबर बिलावर छापा. एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे सूक्ष्म उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यावं लागतं. मुदत चुकवून वर्षअखेरीपर्यंत बिल थकवणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी प्राप्तिकरात दाखवता येत नाही. दुकानदारावर कायदा दाखवून वसुली करायला जाऊ नका. पण कारखान्याच्या आणि संस्थेच्या अकाउंटंटला तो नंबर दिसला की तुमचं बिल आपोआप वरच्या गठ्ठ्यात जातं. जीएसटीबद्दल, सेवेची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत नोंदणी सक्तीची नाही, आणि कोल्हापूर-चंदगडचं गिऱ्हाईक असलं तरी सेवेला हीच मर्यादा आहे. गिऱ्हाईकाने बिलातून टीडीएस (प्राप्तिकराची आगाऊ कपात) कापला तर तो आयकर खात्याच्या पोर्टलवर तुमच्या नावावर जमा झाला की नाही हे वर्षातून दोनदा बघा.

पहिली गिऱ्हाईकं कशी मिळवावी? एक बाजार आणि एक-दोन धंदे धरा. सगळ्यांसाठी सगळं करतो म्हणणाऱ्याची आठवण कुणालाच राहत नाही. खानापूर जवळ असेल तर तिथूनच सुरू करा: शाळा, क्लासेस, जांबोटी-कणकुंबीकडची मुक्कामाची ठिकाणं. आणि पहिल्या दिवसापासून एक नियम पाळा. एका बाजारातल्या एका धंद्यातलं एकच दुकान घ्यायचं. एका साडीच्या दुकानाची वही तुम्ही बघितली आणि समोरच्या साडीवाल्याचं काम धरलंत, तर दोघांचाही विश्वास जातो. समोरचा जास्त पैसे देत असला तरी नाही म्हणा, आणि का ते सांगा. त्याने ती गोष्ट दुसऱ्या चौघांना सांगितल्याने मला जेवढं काम मिळालं, तेवढं माझ्या कुठल्याच जाहिरातीने मिळालेलं नाही.

सोसायटीचं काम करणार असाल तर एका बाबतीत ठाम राहा. ठेवींच्या जाहिरातीत बँक हा शब्द, विम्याचं संरक्षण, शंभर टक्के सुरक्षित अशी विधानं लिहायला सांगतील, ती लिहू नका. ठेवीवरचं पाच लाखांपर्यंतचं विमा संरक्षण बँकांना आहे, त्यात सहकारी बँका येतात, क्रेडिट सोसायट्या येत नाहीत. आपल्या भागात बुडालेल्या सोसायट्यांमध्ये निवृत्त मास्तरांचे आणि विडी वळणाऱ्या बायकांचे पैसे गेलेत. जाहिरातीत व्याजदर लिहा, स्थापनेचं वर्ष लिहा, ऑडिटचा वर्ग लिहा, शाखेचा पत्ता लिहा. हे खरं आहे आणि पुरेसं आहे. चेअरमन रागावले तर तुमचं म्हणणं लेखी द्या आणि पत्राची प्रत ठेवा. त्यापायी काम गेलं तर जाऊ द्या. ज्या गावात तुम्हाला आयुष्य काढायचंय, तिथे ठेवीदार तुम्हाला रोज भेटणार आहेत.

दोन गोष्टी तुम्ही लिहिल्या नाहीत. घराचा महिन्याचा खर्च किती, आणि तुमच्या गावातून बेळगावला जास्त येजा आहे की खानापूरला. एवढं कळवलंत तर पहिल्या वर्षात कोणत्या महिन्यात कुणाकडे जायचं, ते तुमच्यासाठी मांडून देतो.